हळद लागलेला कॅमेरा

१२ ऑगस्ट १९९६, सोमवार

मु.अ.नी मधल्या सुट्टीत बोलावलं. वाटलं, नववी-ब ची तक्रार असणार. निघालं भलतंच. आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याने शाळेला देणगी दिली आहे. समितीला त्यातून लाउडस्पीकरचा नवा संच घ्यायचाय. मु.अ. भला माणूस. म्हणाले, "बाई, वर्षभर माझ्यामागे व्हिडिओ कॅमेऱ्याचं टुमणं लावलंय ना? २८ सप्टेंबरला समितीची बैठक आहे. तोवर या पैशात बसणारा एक कॅमेरा शोधा आणि तो चालतो हे दाखवा. नाहीतर भोंगे."

भोंगे! १५ ऑगस्टला दोन तास आणि स्नेहसंमेलनाला चार तास ओरडतील, मग वर्षभर कपाटात.

नववीच्या पोरांनी 'आमच्या घरचे काय काम करतात' यावर फिल्म लिहून तयार ठेवली आहे. निम्म्यांचे बाप लिंबायतच्या मागांवर, उरलेल्यांचे पांडेसऱ्यात रंगाच्या कारखान्यात. फिल्म आहे, पोरं आहेत, फक्त कॅमेरा नाही. मी आणणार.

आणि दुसरंही आहे, ते मु.अ.ना सांगितलं नाही. आण्णांनी, माझ्या वडिलांनी, अमळनेर सोडून सुरतेत तीस वर्षं माग चालवले. कानांचा पार भुगा झाला. त्या तीस वर्षांचा आमच्याकडे एक फोटो नाही. लग्नातले आहेत, बारशातले आहेत, मागावरचा एकही नाही. वाईट वाटतं मला त्याचं. फार.

१४ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर भागळला मोठ्या दुकानात. काचेच्या कपाटात इवलेसे कॅमेरे, दागिन्यांसारखे मांडलेले. विकणाऱ्या पोराने किंमत सांगितली, मी पर्स छातीशी धरली. तो समजला. तरी बिचाऱ्याने सगळं नीट दाखवलं. एवढं कळलं की कॅसेट वेगवेगळ्या असतात, काही आपल्या व्हिडिओत जातच नाहीत.

माझी अट क्र. १: पोरांनी काढलेलं लिंबायतमधल्या कुठल्याही घरी व्हिडिओ भाड्याने आणून बघता आलं पाहिजे. नाहीतर कुणाला दाखवायचं, भिंतीला?

१८ ऑगस्ट, रविवार

वरच्या मजल्यावरच्या हंसाबेनचे दीर अमेरिकेहून आलेत. जाताना कॅमेरा विकून जायचा म्हणतात. तळहातावर मावतो. किंमतही आपल्या आवाक्यात. मला घाम फुटला आनंदाने. सुरेशला पोहे खाताना टिपलं, आण्णांना पेपर वाचताना टिपलं. कॅमेऱ्याच्या भोकातून बघितलं तर अगदी सुरेख.

मग तार जोडून टीव्हीवर लावलं. सुरेश काळा-पांढरा झाला आणि वरून खाली घरंगळत राहिला. पोह्यांसकट. बटणं फिरवली, टीव्हीला थापट्या मारल्या, काही नाही. हंसाबेनचे दीर डोकं खाजवत म्हणाले, तिकडची पद्धत निराळी, तिकडचा टीव्ही निराळा. आता सांगतात.

आण्णा टीव्हीकडे बघून मला म्हणाले, "जावाई उतारले लागना का?"

हसून हसून पोट दुखलं. नंतर मात्र चिडचिड झाली. हंसाबेनकडून ऐकल्याबरोबर शनिवारी वर्गात सांगून बसले होते की कॅमेरा मिळाला. उद्या नाही म्हणून सांगावं लागणार. सांगेन.

२३ ऑगस्ट

उधन्याच्या जयेशभाईंकडे गेले. लग्नाचं शूटिंग करतात. चातुर्मासात लग्नं नाहीत, स्टुडिओत माशा मारत बसले होते. दोन जुने कॅमेरे विकायला काढलेत.

पहिला खांद्यावर घ्यायचा, धूड आहे नुसतं. मोठी कॅसेट थेट आत जाते. चित्र छान, अंधारातही दिसतं. पट्ट्यावर आणि मुठीवर पिवळे डाग. एका लग्नात नवरदेवाच्या बहिणींनी हळदीचं पाणी उडवलं, ते थेट माईकमध्ये गेलं. तेव्हापासून आवाज बंद. बाहेरून माईक लावायचं भोकही मेलेलं. दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले. मी म्हटलं, आवाज नाही तो कॅमेरा घेऊन मी करू काय? तर जयेशभाई शांतपणे म्हणतात, "बेन, लगनमां अवाज कोण सांभळे छे? उपर गीत ज मूकवानां." आवाज ऐकतो कोण, वर गाणीच तर चढवायची!

दुसरा लहान, हलका, बोलका. त्याची छोटी कॅसेट एका खोक्यात घातली की आपल्या व्हिडिओत चालते. चित्र जरा मळकट. किंमत अगदी काठावर, पण बसते.

दोन्ही वापरून बघायला देतो म्हणाले. फक्त तुळशीच्या लग्नाआधी काय ते ठरवा. "देव ऊठे पछी आ भाव नहीं रहे." देव उठेपर्यंत मी थांबणारच नाहीये.

मुका नको. बोलकाच घ्यायचा, हे येतानाच ठरलं.

२८ ऑगस्ट, बुधवार

आज चाचणी. वर्गातल्या मंगलाचे वडील भिकनभाऊ ज्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, माग चालवतात तिथे. शेठने परवानगी दिली, पण बुधवारी या म्हणाला. आमच्या भागातले माग बुधवारी बंद असतात, वीज नसते. मलाही बरंच वाटलं, पोरांना शांतपणे काम करता येईल.

भिकनभाऊंनी दारातच अडवलं. "बाई, मंगलाच्या हातात कॅमेरा देऊ नका. बॅटरीच्या वायरी धरेल ती. पोरीच्या जातीने खांद्यावर खोकं घेऊन खात्यात फिरायचं, लोक काय म्हणतील?" मंगला खाली बघत उभी. सगळ्या वर्गात तिची नजर सगळ्यात स्थिर आहे, सारखी चौकट करून बघत असते. मी तेव्हा वाद घातला नाही. वायरी तर वायरी.

बोलका कॅमेरा जिंकला! भिकनभाऊ मागाजवळ उभं राहून धोटा कसा पळतो, तुटलेला धागा कसा सांधायचा सांगत होते. शब्द न् शब्द स्वच्छ. दरवाजे उघडे, भरपूर उजेड. मुक्याचीही एक कॅसेट काढली, उगाच.

३० ऑगस्ट

मु.अ.ना सांगून टाकलं: लहान, बोलका. त्यांनी लगेच कागदावर उतरवलं, समितीसाठी.

शाळेतला व्हिडिओ दोन दिवस घरी आणलाय. संध्याकाळी आण्णांना कॅसेट लावून दाखवली. चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढून बसले. मी कौतुकाची वाट बघत. त्यांचं तोंड वाकडंच.

"माग ते बठ्ठा बंद शेतस. हाऊ कारखाना शे का देऊळ?"

मी म्हटलं, आण्णा, बुधवार होता. चालू मागात ऐकू कसं येईल?

"आयकू येतच नही तठे. तोच ते कारखाना."

राग आला. अस्सा राग आला की भाकरी थापताना दोन मोडल्या. तिसरी थापताना लक्षात आलं की राग आण्णांचा नाहीच. मी कापडाच्या गावात राहते, मागवाल्याची पोर आहे, आणि मी चालू मागांचा कॅमेरा बंद मागांवर निवडला! शाळा तपासणीला येणाऱ्या साहेबाने केलं असतं तर हसले असते मी.

पुन्हा चाचणी. चालू मागांवर. मु.अ.ना काय सांगायचं ते मागाहून बघू.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. पोरांनी गुलाब दिले, ते टेबलावर ठेवून खात्यात.

शेठ कुरकुरला, पण अर्धा तास दिला. आत शिरलो आणि छातीत धडधड सुरू. लहानपणी आण्णांचा डबा घेऊन यायचे तेव्हाची. कान सोड, दात वाजतात. जमीन सारखी थरथरते.

आधी बोलका, तीन पायांच्या तिकाटण्यावर. जमिनीबरोबर तिकाटणंही थरथरायला लागलं. काढून हातात घेतला तर इतका हलका की हातात ठरेना. चार मागांना मिळून एक ट्यूबलाइट, त्यात चित्र आणखी मळकट.

मग मुका. ज्या मुलाला घ्यायला सांगितलं तो प्रत्येक धोट्याला बिचकत मागे मागे सरकत भिंतीला टेकला. मंगला वायरी धरून उभी. तिला बिचकणं माहीत नाही, त्या गल्लीतच वाढली आहे. कुठे उभं राहायचं, मागाचा पट्टा कुठून जातो, सगळं पायांना ठाऊक. मी त्या मुलाच्या खांद्यावरून कॅमेरा उचलला आणि भिकनभाऊंच्या डोळ्यांदेखत मंगलाच्या खांद्यावर ठेवला. ते चार माग पलीकडे. तोंड हलवून काहीतरी म्हणाले. रागावले असणार. मी दुसरीकडे पाहिलं. मुद्दाम पाहिलं. या आवाजात मला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय तर आहे!

दहा मिनिटं तिने काढलं. उतरवला तेव्हा खांद्यावर वळ.

८ सप्टेंबर, रविवार

शाळेतला व्हिडिओ पुन्हा घरी आणून दोन्ही कॅसेट पाहिल्या.

बोलका: गर्रर्र. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढंच. भिकनभाऊ बोलतात, एक अक्षर नाही. चित्र काळसर, थरथरतं.

मुका: काय सांगू. धागे दिसतात, हातावरचा कापसाचा भुरका दिसतो, भिकनभाऊंच्या भुवईवरचा घाम दिसतो. त्या धुडाचं वजनच त्याला स्थिर धरतं, आणि मंगलाचं अंग. पण आवाज? शून्य.

म्हणजे एकाचा आवाज कामाचा नाही आणि दुसऱ्याला आवाजच नाही. डोकं धरून बसले. तीन आठवडे उरलेत. सुरेश म्हणाला, "भोंगे घेऊ दे त्यांना, विजू. किती धावशील?" मला भोंगे नकोत.

तेवढ्यात आण्णा एकटेच हसले. टीव्हीवर मुकी कॅसेट चालूच होती.

काय झालं म्हटलं, तर पडद्यावरच्या एका माणसाकडे बोट. "हाऊ त्याले सांगस, बाईना पदर पट्टामा जाई, तिले बाजूले कर." आणि खरंच, पडद्यावर दुसरा माणूस येऊन मला हाताने बाजूला करतो! मला वाटलं होतं वाट हवी असेल.

मग ते वाचतच सुटले. हा विचारतो चहा कवय येई, कधीचा सांगितलाय. तो म्हणतो, फिल्लममा काम करानं ते दाढी कराले पाहिजे व्हती. मागांच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही, म्हणून सगळे ओठांवर बोलतात, ओठांवर ऐकतात. आण्णा घरीसुद्धा तसंच आवाज न काढता बोलायचे, आई ओरडायची, "तोंडमा मूग शेतस का?" मला हे सगळं माहीत होतं. डोक्यात कसं नाही आलं?

शेवटी भिकनभाऊ दिसतात, थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलताना. हेच ते, मी टाळलं होतं ते. आण्णांनी हसणं थांबवलं. कॅसेट मागे घेऊन पुन्हा पाहिलं.

काय म्हणतात?

आण्णा ते सांगेचनात. "हाई तुनाकरता नही. मंगलाले बलाव."

१० सप्टेंबर

मंगला शाळेतून थेट माझ्याबरोबर घरी आली. त्या दिवसापासून तिचे वडील घरी तिच्याशी बोललेले नाहीत म्हणे. रागावलेत की नाही, तेही कळत नाही तिला.

आण्णांनी कॅसेट लावली. भिकनभाऊ आले. आण्णा तिच्याकडे न बघता, पडद्याकडे बघत बोलले: "तुना बाप सांगस, हात हालू देऊ नको. वजन पायवर ले, खांदावर नको. पाय फाकाडीसन उभी ऱ्हाय."

पोरगी बघतच राहिली. "पुन्हा लावा ना, आजोबा." पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिने ओठ हलवून बापाबरोबर म्हणून पाहिलं. मग दप्तर उचलून पळाली. चप्पल उलटी घालून.

मला रडू आलं. आण्णांनी टीव्ही बंद केला आणि चहा मागितला.

११ सप्टेंबर

ठरलं. मुका. आता मागे फिरायचं नाही.

जयेशभाईंना विचारून आले. व्हिडिओत चित्र तसंच ठेवून वरून नवा आवाज भरता येतो, गाणी तशीच तर भरतात ते. माणसांचं बोलणं घरी, शांततेत टेपरेकॉर्डरवर घ्यायचं आणि मग चढवायचं. म्हणजे मुका असला तरी अडत नाही. आणि मोठी कॅसेट थेट कुठल्याही व्हिडिओत जाते. अट क्र. १ पण पास.

जयेशभाई खूश. बैठकीपर्यंत कॅमेरा माझ्याकडेच ठेवा म्हणाले, सरावाला.

१३ सप्टेंबर

मु.अ. वैतागले. "बाई, तुम्हीच बोलका सांगितलात, मी लिहून दिलं. आता बिनआवाजाचा म्हणता? अध्यक्ष काय म्हणतील? लाउडस्पीकर सोडून मुका कॅमेरा?"

ऐकायला वाईटच लागतं खरं. पण मी म्हटलं, सर, पहिल्यांदा बंद मागांवर बघून चुकले. चूक कळल्यावरही तोच कॅमेरा गळ्यात मारला तर पोरं वर्षभर आवाज ऐकतील, गर्रर्र असा. बैठकीत टीव्ही-व्हिडिओ लावायची परवानगी द्या, पंधरा मिनिटं.

"दहा."

दहा तर दहा.

२२ सप्टेंबर, रविवार

गणपतीत सराव. गल्लीतल्या मंडळाच्या आरतीला मंगला शूटिंग करणार होती. संध्याकाळी कॅमेरा न्यायला भिकनभाऊ स्वतः आले. उंबऱ्याबाहेरच उभे. मी विचारलं, मंगला? म्हणाले, "ती पुढे गेली, जागा बघायला." धूड खांद्यावर घेतलं आणि चालू पडले. एवढंच.

मंडपात पाहिलं: ती पाय फाकवून उभी, ते मागे उभे, गर्दीचा धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात पसरून. बायका बघत होत्या. बघू देत.

२६ सप्टेंबर

अध्यक्षांचा निरोप मु.अ.मार्फत: बाईंना सांगा, बोलका मिळत नसेल तर विषयच नको, संचाची ऑर्डर तयार आहे.

म्हणजे परवा दहा मिनिटांत जे होईल ते. मग वर्गात गेले, मंगलाच्या कॅसेटमधली कुठली नऊ मिनिटं घ्यायची ते पोरांबरोबर बसून ठरवलं. गर्रर्र वाली कॅसेटही एक मिनिट लावायची, आधी. ऐकू दे अध्यक्षांना बोलका कसा बोलतो.

आणि मुक्या कॅसेटला आवाज कुणाचा? टेपवर भरायला वेळ उरला नाही. मला घरी येताना सुचलं. आण्णा.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आण्णा आधी नाहीच म्हणाले. "मना आवाज मोठा निंघस. लोके हसतीन." बहिऱ्याचा आवाज मोठा असतोच, त्यांना कळत नाही किती. मी त्यांच्यासमोर बसून, ओठ नीट हलवून म्हटलं: आण्णा, मोठाच पाहिजे. टीव्हीशेजारी खुर्ची टाकते, जे दिसेल ते सांगायचं, बस.

"तीस वरीस तठे बोलनू, कोन्ही इचारं नही." मग थोड्या वेळाने: "टोपी धुयेल शे का?"

धुतलेली होती. इस्त्री केली. दोनदा केली.

एकच अडचण राहिली होती. कॅसेटच्या शेवटी भिकनभाऊ पोरीला जे म्हणतात, ते चारचौघांत मोठ्याने सांगायचं का? ते त्या दोघांचं आहे. विचारल्याशिवाय नाही, मग बैठक गेली तरी चालेल. मंगलाला म्हटलं, वडिलांना विचारून ये. ती म्हणाली, "बाई, तुम्ही विचारा."

दिवेलागणीला भिकनभाऊ पाळी संपवून परस्पर आले. केसांवर कापूस. मी चहा टाकायला आत गेले, विचारू कसं याचे शब्द जुळवत. आणि बाहेर आले तर ते दारात उभे, आण्णा खोलीच्या त्या टोकाला खुर्चीत. दोघांचे ओठ हलत होते. आवाज अजिबात नाही. भिकनभाऊंनी काहीतरी विचारलं, आण्णांनी उत्तर दिलं, हाताने काहीतरी दाखवलं. भिकनभाऊ टोपीकडे बघून काही म्हणाले, आण्णा खो खो हसले. मग भिकनभाऊंनी मान हलवली. होय अशी की नाही अशी, चहाच्या वाफेतून मला कळलं नाही. चहा पिऊन "येतो बाई" म्हणून गेले.

मी आण्णांच्या पुढ्यात जाऊन बसले. काय म्हणाले? सांगायचं ना उद्या? आण्णा?

त्यांनी टोपी घालून बघितली, आरशात नाही, बंद टीव्हीच्या काचेत.

"सकाय समजी," म्हणाले.